तुमचं बरं आहे बाई!

आमच्या स्टाफरूममध्ये काही वाक्यं खडूच्या धुळीसारखी कायम हवेत असतात. "यंदाची नववी फारच वाईट" हे एक. (नववी दर वर्षी नवी येते, वाक्य तेच.) "डीएचं काय झालं?" हे दुसरं. आणि लायब्ररीच्या बाई चहाला आत आल्या की कोणीतरी, बहुतेक मीच, म्हणतो ते तिसरं : "तुमचं बरं आहे बाई! ना पेपर तपासायचे, ना पोर्शन पुरा करायचा. पंख्याखाली बसायचं आणि वाचायचं."

बाई हसतात, कप उचलतात आणि लायब्ररीत जाऊन चहा पितात. चौदा वर्षं त्या अशाच हसताहेत आणि चौदा वर्षं मी त्या हसण्याचा अर्थ 'कबूल आहे' असा लावत आलो. मी गणिताचा माणूस. पुराव्याशिवाय पायरी लिहिली की मुलांचा एक मार्क कापतो.

सरकारदरबारी शाळेतली माणसं दोनच जातीची : शिक्षक आणि शिक्षकेतर. लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर आणि ग्रंथपाल हे सगळे शिक्षकेतर. माणूस कोण आहे हे न सांगता कोण नाही एवढंच सांगणारा असा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही. मिसळीला आपण कधी 'पोहेतर नाश्ता' म्हणत नाही. त्यातून आमच्या शाळेचा पट हजाराच्या आत, त्यामुळे बाई अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा. वेळेचा अर्धा भाग कुठला, ते मात्र अजून कोणाला सापडलेलं नाही. सकाळी साडेदहाला कुलूप उघडतात त्याही बाईच आणि संध्याकाळी शिपाई मामांच्या हाती किल्ल्या देतात त्याही बाईच.

गेल्या डिसेंबरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. मतदार यादीच्या कामाला एक माणूस द्या म्हणून तहसील कचेरीतून पत्र आलं, आणि स्कूटर स्टँडवर चढवताना माझा पाय मुरगळला. मुख्याध्यापकांनी दोन्ही प्रश्न एका दमात सोडवले. "बाईंना पाठवू. लायब्ररी काय, तीन आठवडे बंद राहिली तरी कोणाचं अडतंय? आणि सर, तुम्हाला जिने चढायचे नाहीत ना, मग तुम्ही तिथंच बसा. तेवढीच विश्रांती."

आमची लायब्ररी तळमजल्यावर आहे, सायकल स्टँड आणि मुतारी यांच्या बरोबर मधे. जाताना बाईंनी चौदा किल्ल्यांचा जुडगा आणि दोन पानी टिपण माझ्या हाती दिलं. टिपण मी घडी करून खिशात घातलं. सूचना न वाचता उत्तरपत्रिका लिहायला बसणाऱ्या पोरांवर मी काय ओरडतो, ते खालच्या चौकातल्या वडेवाल्यालाही पाठ आहे.

पहिल्या दिवशी अकराच्या ठोक्याला मी पंख्याखाली बसलो, जाडसर कादंबरी काढली आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. अकरा वाजून चार मिनिटांनी हस्तकलेच्या बाई डिंक मागायला आल्या. पाठोपाठ लांब हाताचा स्टेपलर न्यायला लिपिक आले. मग पर्यवेक्षक आले. त्यांना साने गुरुजींवर दहा ओळी हव्या होत्या, "पाचवीच्या तोंडी शोभतील अशा, पण टाळ्या पडतील अशा". पीटीचे सर थेट आत शिरले, कपाट क्रमांक सहामागून गोळाफेकीचे तीन गोळे काढले आणि मला न विचारता निघून गेले. सहावीतल्या एका मुलाला ओकारी झाली म्हणून दोघांनी धरून आणलं आणि बाकावर आडवं केलं. मी म्हटलं, "इथं कशाला?" ते म्हणाले, "इथंच आणतात." ओकारी आलेल्या मुलानंही डोळे मिटूनच मान डोलावली.

मधेच एक मुलगी दाराशी आली, मला पाहिलं आणि उलटी फिरली. तासाभरानं दुसरी आली, तीही फिरली. मला वाटलं, गणिताची दहशत. तिसऱ्या वेळी विज्ञानाच्या मॅडम स्वतः आल्या, बाईंच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडून वर्तमानपत्राची एक पुडी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बाहेर जाऊन बसत जा." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. नंतर टिपण उघडून पाहिलं. तिसरा मुद्दा तोच होता : 'मधल्या सुट्टीत 10 मि. बाहेर बसावे. कारण विचारू नये.'

पुस्तक मागायला पहिला वाचक आला तो दुपारी अडीच वाजता. तोपर्यंत माझी कादंबरी पान चारवर होती आणि डिंक संपला होता.

हा पहिला वाचक सातवीतला. त्यानं पुस्तक तीन दिवस उशिरा परत आणलं होतं. भिंतीवरच्या पाटीवर नियम स्पष्ट होता : 'उशीर झाल्यास दररोज 25 पैसे दंड.' तीन दिवसांचे पंचाहत्तर पैसे. कारट्यानं टेबलावर रुपया ठेवला आणि म्हणाला, "सर, चार आणे परत द्या." आता चार आण्यांचं नाणं 30 जून 2011 पासून चलनात नाही. हे कारटं त्यानंतर जन्माला आलेलं. मी म्हटलं, "राहू दे रे." तो म्हणाला, "मग रुपयाही राहू दे," आणि उचलून घेऊन गेला. मागची पानं चाळली तर हा गृहस्थ वर्षभर प्रत्येक पुस्तक नेमानं तीन दिवस उशिरा आणत होता. चौथा दिवस लागला की पुरा रुपया भरावा लागतो, हे त्यानं हेरलं होतं. घटक चाचणीत त्याला वीसपैकी सहा गुण होते आणि ते मीच दिले होते.

दुसऱ्या आठवड्यात देणगीदारांच्या पुस्तकांचा गठ्ठा आला. मी उत्साहानं शाळेचा शिक्का काढला आणि दणादण पहिल्या पानावर मारत सुटलो. मामा बघत होते. म्हणाले, "सर, गुप्त पान?" प्रत्येक लायब्ररीचं एक ठरलेलं पान असतं. पहिलं पान फाडून कोणी पुस्तक आपलंसं केलं, तरी आतल्या त्या पानावरचा शिक्का पुस्तकाचं माहेर सांगतो. आमचं पान कितवं, मी विचारलं. मामा म्हणाले, "मला ठाऊक आहे. पण बाईंनी सांगितलंय, शिक्षकांना सांगायचं नाही."

मग नोंदणी. गेली तीसेक वर्षं आमच्याकडे दाखल नोंदवही म्हणून जे लाल कापडी बाड चालतं, त्यात पुस्तकाला दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पानं, किंमत, देणगी की खरेदी हे सगळं एकाच ओळीत बसवायचं असतं. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. काट मारून बाजूला सही करायची. पहिल्या दिवशी मी नऊ पुस्तकं दाखल केली आणि अकरा सह्या केल्या. मनात आलं, हल्ली कोण बघतं ही वही? मागच्या पानांवर प्रत्येक तपासणीच्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या लाल शाईतल्या टिकमार्का होत्या. पुस्तक हरवलं तरी त्याची ओळ पुसता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीचा ठराव, मंजुरी, एवढं झालं की पुस्तक मेलं असं मानायचं. तोवर वाळवीनं खाल्लेलं पुस्तकही बाईंच्या नावावर जिवंत. ऐपत असो वा नसो, त्याची किंमत अर्ध्या पगारावरच्या माणसाच्या डोक्यावर टांगलेली.

आता कपाटांबद्दल. इथं माझा गुन्हा मोठा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बाईंनी पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. त्यांवर दशांश अपूर्णांक. दशांश माझ्या घरचे, म्हणून मी खुलून पाहू लागलो. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसानं 1876 साली जगातलं सगळं ज्ञान शून्य ते 999मध्ये कोंबलं. 500 ला विज्ञान, 800 ला साहित्य. साहित्यात 810 अमेरिकन, 820 इंग्रजी, 830 जर्मन, आणि सरतेशेवटी 890, म्हणजे 'इतर'. त्या इतरांच्या पोटात शिरत गेलं की 891.46 ला मराठी. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचं आपलं सगळं दशांश चिन्हाच्या पलीकडे, इतरेजनांत. मला एकदम 'शिक्षकेतर' आठवला आणि जरा गप्प बसावंसं वाटलं. पण शिस्तीचा माणूस स्वस्थ बसत नाही. हे अपूर्णांक कोणाला कळणार, असं म्हणून मी ठरवलं की पुस्तकं नावावरून विषयवार लावायची.

दोन दिवस खपलो. आनंद यादवांचं 'नांगरणी' शेतीच्या कपाटात, त्यांचंच 'घरभिंती' बांधकामात आणि 'झोंबी' क्रीडा विभागात, कुस्तीच्या शेजारी. (तिन्ही आत्मचरित्रपर आहेत, हे मला नंतर सांगण्यात आलं.) शंकरराव खरातांचं आत्मचरित्र 'तराळ-अंतराळ' खगोलशास्त्रात. पुलंनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली, ती मत्स्यव्यवसायात. आणि राम पटवर्धनांचं 'पाडस' पशुपालनात, शेळ्यांच्या लसीकरणाला टेकून. वरून प्रत्येक कपाटाला माझ्या सुवाच्य अक्षरातल्या पाट्या. मी लांब उभा राहून पाहिलं. देखणं दिसत होतं.

याच दिवशी आठवीतली एक मुलगी आली. म्हणाली, "सर, परवाच्यासारखं द्या ना. निळ्या कव्हरचं होतं ते. त्यात कुत्रा होता. पण तो कुत्रा मेला. तसलंच द्या, पण मरायला नको कोणी."

पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. निळं कव्हर आणि एक मेलेला कुत्रा. इतक्या कमी माहितीवर मी मुलांना कधी गणित घातलेलं नाही. पण माझ्या नव्या व्यवस्थेचा मला अभिमान होता. पशुपालनाच्या कपाटाशी गेलो आणि 'पाडस' काढून दिलं. हरणाचं पिल्लू, शेतावरचा मुलगा. म्हटलं, "हे घे. एकदम गोड."

पाच दिवसांनी ती पुस्तक घेऊन आली. डोळे सुजलेले. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, ते नीट माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि विचारलं, "सर, तुम्ही वाचलंय हे?"

तीस वर्षांच्या नोकरीत अधिकाऱ्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. अशी तपासणी कोणी केली नव्हती. त्या रात्री मी 'पाडस' घरी नेलं. हिनं दोनदा हाक मारली तरी जेवायला उठलो नाही, एवढंच सांगतो.

मग आली 22 डिसेंबर. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय गणित दिन. म्हणजे माझाच सण. थोर पुरुषांच्या तसबिरी आमच्याकडे लायब्ररीतच असतात, कपाटांच्या मागे, एकमेकांना पाठ लावून. जयंती आली की बाई योग्य ती तसबीर पुसून, हार-फुलांसकट सकाळी व्यासपीठावर ठेवतात. मी मामांना म्हटलं, "ते मद्रासचे गणितज्ञ आणा." मामांनी बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवरची तसबीर काढून नेली. मुख्याध्यापकांनी हार घातला. मी पंचवीस मिनिटं बोललो : 1729 ही संख्या, हार्डी, टॅक्सी, सगळं. फोटो निघाले, शाळेच्या ग्रुपवर गेले. खाली उतरताना विज्ञानाच्या मॅडम कुजबुजल्या, "सर, अहो, हा रामानुजन नाही. हे बाईंचे सासरे आहेत. गेली कित्येक वर्षं त्यांच्या टेबलामागं असतात!"

मला घाम फुटला. मुख्याध्यापक म्हणाले, "तरीच. मी म्हणत होतो, यांना कुठंतरी पाहिलंय."

एवढ्यात ग्रुपवर बाईंचा निरोप उमटला. कुठल्याशा वाडीवर घरोघर फिरत होत्या त्या. एकच ओळ : 'सर, ते आमचे आहेत.'

सासऱ्यांचा सिद्धांत तिथंच सिद्ध झाला. सुट्टीच्या आत आम्ही तिघांनी ठरवूनही टाकलं की बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागायची, नारळ घेऊन.

तसबीर परत टांगताना मागचा कागद वाचला, म्हणून नारळ वाचला. ते शियाळी रामामृत रंगनाथन होते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, देशभर ग्रंथपाल दिन असतो. 5 सप्टेंबरला मुलांकडून गुलाब घेताना आम्ही छाती फुगवतो, पण 12 ऑगस्टला या बाई एकट्याच त्या तसबिरीला हार घालत होत्या आणि आम्ही 'सासऱ्यांचं वर्षश्राद्ध असेल' म्हणून आवाज कमी करत होतो.

पुढची माहिती मी बाईंच्या कपाटातूनच वाचली. (वर्गांकाच्या चिठ्ठीमुळे एका मिनिटात सापडली, हे कबूल करायला हवं. मी ते कपाट अजून सुधारलं नव्हतं.) तर हे रंगनाथनही मद्रासचे आणि गणिताचेच प्राध्यापक. म्हणजे मामांनी आणलेला माणूस अगदीच चुकीचा नव्हता. 1924 साली मद्रास विद्यापीठानं त्यांना ग्रंथपाल नेमलं. थोड्याच दिवसांत ते कंटाळले. माणसं नाहीत, वर्ग नाही, नुसती शांतता; मला माझ्या वर्गावर परत घ्या म्हणून कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी समजूत घातली की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयाचं शिक्षण घेऊन या, मग बघू. लंडनला त्यांनी ग्रंथालयं पाहिली, आणि एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तसं नवं यंत्र. ज्ञानाचेही असेच तुकडे जोडता येतील, हे तिथं त्यांच्या मनात आलं. त्यातून 1933 साली त्यांची स्वतःची वर्गीकरण पद्धत निघाली. परत आल्यावर वर्गाचं नाव काढलं नाही. वीस वर्षं एक रजा घेतली नाही आणि लग्नाच्या दिवशीही दुपारी कामावर हजर झाले, असं सांगतात. (यावर त्यांच्या पत्नीचं म्हणणं काय होतं, ते कोणी नोंदवलेलं दिसत नाही.)

गणिताचा मास्तर लायब्ररीत आला की आधी पळून जायला बघतो, एवढंच मी त्यातून माझ्यापुरतं घेतलं. जरा धीर आला.

शेवटच्या आठवड्यात मी देवघेवीची नोंदवही उघडली. विद्यार्थ्यांची पानं स्वच्छ. बाकी सगळी शिक्षकांची. मोठा दरोडा आम्हीच घातला होता. हिंदीच्या सरांकडे एकोणीस पुस्तकं. पीटीच्या सरांकडे योगासनांची तीन, बरोबर आहे, पण एक रुचिरा कशाला? आमच्याकडे सेवानिवृत्त होताना लायब्ररीची 'येणे बाकी नाही' अशी सही लागते आणि ग्रंथपालाच्या हातात तेवढं एकच शस्त्र आहे. मागे इतिहासाचे सर निवृत्त झाले, तेव्हा शेवटच्या आठवड्यात ते रिक्षा करून लेकीच्या सासरी गेले होते, दोन खंड सोडवून आणायला.

प्रत्येक नावासमोर बाईंनी बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहून ठेवलं होतं. एकापुढे : 'घरी आजारपण. विचारू नये.' विज्ञानाच्या मॅडमपुढे : 'पुस्तक बहिणीकडे. दिवाळीत येईल.' हिंदीच्या सरांपुढे नुसतं उद्गारचिन्ह.

माझंही पान होतं. पाच पुस्तकं, सगळ्यात जुनं 2011 सालचं. समोर पेन्सिलीनं : 'आठवण करू नये. चिडतात.'

मी वही मिटली. पुन्हा उघडून पाहिली. तेच लिहिलेलं होतं.

रविवारी घर उलथंपालथं केलं. माळ्यावर एक, धाकट्याच्या जुन्या दप्तरात एक, देवघराच्या खणात पोथ्यांखाली एक, अशी तीन पुस्तकं मिळाली. सोमवारी बाई हजर झाल्या. उन्हानं रापलेल्या, पायात कापडी बूट. कपाटांवरून एक नजर फिरवली. माझ्या सुवाच्य पाट्या वाचल्या. खगोलशास्त्रापाशी जरा जास्त वेळ थांबल्या, 'तराळ-अंतराळ' काढून हातात घेतलं. बोलल्या काहीच नाहीत. आठवीतली ती मुलगी दारात उभीच होती. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, 'पाडस'वर एकदा, मग माझ्याकडे. उजवीकडचं कपाट न बघता उघडलं आणि एक पातळ पुस्तक तिला दिलं. "यात कुत्रा आहे. शेवटी नुसता म्हातारा होतो."

मी तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. म्हटलं, "बाई, ही माझ्याकडची."

बाईंनी प्रत्येक पुस्तक उघडलं, आतलं एक पान पाहिलं (कितवं ते मला दिसू नये अशा बेतानं) आणि नोंदवहीत जमा केलं. मग त्यांनी खणातून खोडरबर काढलं. माझ्या नावासमोरच्या त्या पेन्सिलीच्या ओळीवर टेकवलं.

आणि थांबल्या. आकडे पुन्हा एकदा मोजले. खोडरबर खणात परत ठेवलं.

"राहू दे सर," त्या म्हणाल्या, "अजून दोन येणं आहे."